मी मयत असतानाचे चार हप्ते

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर कोंबडी उकरून गेल्यासारखं आहे. वाचणाऱ्यानं माफ करावं. वाचणारं कुणी असेल असं मला वाटत नाही, कारण ही वही मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. पण ऑफिसात दिवाळी अंक यायचे. दुपारी गर्दी ओसरली की मी ते वाचायचे. त्यात डॉक्टर, फौजदार, वकील, मास्तर आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहायचे. चहा करणाऱ्या बाईनं लिहिलेलं मात्र एकदाही सापडलं नाही. म्हणून हे लिहिते.

वसमतच्या एका पतसंस्थेत मी बावीस वर्षं शिपाई होते. सकाळी झाडलोट करायची, मागच्या अंगणातल्या हापशावरून रांजण भरायचा, दोन वेळा चहा करायचा. याशिवाय एक काम होतं, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते म्हणजे बायकांचा अंगठा धरणं. कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवताना क्लार्कनं हात धरलेला बायकांना चालायचा नाही. मग मला हाक यायची. मी त्यांचा अंगठा पॅडवर दाबायचे, कागदावर अलगद टेकवायचे आणि रॉकेलच्या बोळ्यानं शाई पुसून द्यायचे. एका कर्जाला नऊ ठिकाणी अंगठे लागत. त्यामुळं प्रत्येक कागद माझ्या नाकासमोरून जायचा. मी बोलत नव्हते, त्यामुळं मी तिथं उभी आहे हे लोक विसरायचे आणि माझ्यासमोर सगळं बोलायचे.

दोन हजार सालानंतर कर्जासोबत विमा आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्ज घेणारा माणूस मेला किंवा हातापायानं अधू झाला, तर राहिलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. त्यासाठी कर्ज घेतानाच एकरकमी पैसे घेतात. ऐकायला हे बरं वाटतं, आणि काही घरांना ते खरंच बरं असतं. पण ते पैसे कुणी खिशातून देत नसे. ते कर्जातच मिळवायचे. माझंच घ्या. घरावर पत्रे टाकायला मी दहा हजार घेतले. विम्याचे सहाशे. कर्ज लिहिलं गेलं दहा हजार सहाशेचं, पंधरा टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. म्हणजे सहाशेवरही तीन वर्षं व्याज. सहाशेचा विमा मला साडेसातशेला पडणार होता. हे गणित मी पुढं केलं. तेव्हा फक्त अंगठ्याऐवजी स्वतःची सही केली आणि तिचाच अभिमान वाटला.

कर्जाचा क्लार्क जाधव. माणूस वाईट नव्हता. त्याला दर महिन्याला किती विमे करायचे याचा आकडा वरून ठरवून दिलेला असायचा, आणि महिनाअखेर आली की तो आकडा त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा. माझ्या कर्जाला जामीनदार म्हणून माझा भाऊ दत्तादादा शिरड शहापूरहून आला होता. दादा फार भित्रा. एसटीत बसल्यावरसुद्धा कंडक्टरला दोनदा विचारणार, ही गाडी वसमतलाच जाते ना. जाधव त्याला म्हणाला,

"दादा, ध्यानात ठेवा. बाईचं काही बरंवाईट झालं तर आठ दिवसांत इथं येऊन कळवायचं. न्हाई कळवलं तर विमा गेला, आन् राहिलेलं समदं तुमच्या मानगुटीवर."

"आठ दिवस कशाला," दादा घाम पुसत म्हणाला, "त्याच दिवशी येतो की."

नऊ हप्ते नीट गेले. मग एका शुक्रवारी मी हापशावर वाकून घागर भरत होते आणि डोक्यावर कावळा बसला. नुसता चाटून गेला नाही. बसला, पदर चोचीनं ओढला आणि उडाला. मला काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी घरी सहज बोलून गेले, आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातातली परात खाली पडली.

आमच्याकडे असं मानतात की कावळा डोक्यावर बसला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर उतारा आहे. त्या माणसाच्या माहेरी, सोयऱ्याधायऱ्यांत, तो गेला असा खोटाच निरोप धाडायचा. त्यांनी खरं समजून रडायचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की मरण फिटलं. मग दुसरा निरोप धाडायचा की माणूस जिवंत आहे. सगळे हसतात, शिव्या देतात आणि गोड खातात. तोवर त्या माणसानं घराबाहेर तोंड दाखवायचं नसतं.

"आत्याबाई, दादा लई भित्रा हाय," मी म्हणाले.

"मंग तर बराबर रडंल," आत्याबाई म्हणाल्या.

आमचे मालक मोंढ्यात हमाल. हळदीची पोती उचलून ते घरी यायचे तेव्हा भुवयांपासून पायापर्यंत पिवळे असायचे. ते म्हणाले, "माय म्हणती तसं करू. एका फोननं काय होतंय?"

शनिवारी सकाळी शेजारच्या मास्तरांच्या फोनवरून शिरड शहापूरच्या किराणा दुकानात निरोप गेला. मी घरात बसून राहिले. दुपारी दुसरा निरोप गेला, तेव्हा दुकानदार म्हणाला, दत्ता तर कधीचा निघाला.

दादा रडला. एसटीत रडला. वसमतच्या स्टँडवर उतरला तेव्हा रडतच होता. आमची पतसंस्था स्टँडवरून घरी यायच्या रस्त्यावर. तिची पाटी दिसली आणि त्याला आठ दिवसांची मुदत आठवली. बहिणीच्या मातीला जाण्याआधी तो आत शिरला आणि काउंटरवर डोकं टेकून म्हणाला, "बहीण गेली. त्याच दिवशी आलोय, लिहून घ्या."

हे मला सोमवारी कळलं. शनिवारी तो घरी आला तेव्हा मी चुलीपुढं मेथी निवडत होते. दारातच तो मटकन खाली बसला.

"तू हायस?"

"हाय की दादा."

"मंग कोन मेलं?"

"कोन बी न्हाई. कावळा बसला हुता."

तो हसला, परत रडला, आत्याबाईंना नको ते बोलला, शिरा खाल्ला. खाता खाता एकदम थांबला आणि पांढरा पडला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काय न्हाई. शिऱ्यात विलायची लई हाय." आणि पाचच्या गाडीनं निघून गेला.

सोमवारी मी नेहमीसारखी ऑफिसात गेले. रांजणाशेजारी स्टूल होतं. त्यावर माझा फोटो, फोटोला झेंडूचा हार. कर्जाच्या अर्जासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला होता. त्यात मी दचकल्यासारखी दिसते, हारामुळं जास्तच. शनिवारी माझ्या शोकात ऑफिस अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. बावीस वर्षांत माझ्यासाठी मिळालेली ती एकच सुट्टी, आणि ती बाकीच्यांना मिळाली.

जाधव आत आला, मला पाहिलं आणि काउंटर धरून उभा राहिला.

"मावशी... तुमी कशा काय?"

"झाडायला आले."

मॅनेजरसाहेबांना बोलावलं. शांत माणूस. त्यांनी मला पाहिलं, फोटोला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, निदान तेरा दिवस तरी तुम्ही यायला नको होतं."

मी कावळ्याचं सांगितलं. जाधव डोकं धरून बसला. कागद शनिवारीच कुरिअरनं गेले होते. छोट्या कर्जाला मृत्यूचा दाखला मागाहून पाठवला तरी चालायचा. आधी जामीनदाराचा जबाब, दोन पंच आणि मॅनेजरचं पत्र पुरे. पंच म्हणून कॅशियर आणि समोरचा पानवाला. त्या पानवाल्यानं तर माझी अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहिल्याचं लिहून दिलं होतं.

"आता खरं सांगितलं," जाधव म्हणाला, "तर खोटा दावा केला म्हणून तुमच्या भावाला आत टाकतील. आमची नोकरी जाईल ते येगळंच. आपण दाखला पाठवू नये. दाखला न्हाई तर दावा आपोआप पडंल."

दादाचं नाव आलं आणि माझी वाचा गेली. तशीही ती फार नव्हतीच. मी मान हलवली. त्या होकाराचा मला आजही पस्तावा होतो.

दावा पडला नाही. त्या कंपनीचा आपल्या भागातला तो पहिलाच दावा निघाला. त्यांना लोकांना दाखवायचं होतं की बघा, आम्ही पैसे देतो. दाखला सवडीनं पाठवा म्हणाले आणि तीन आठवड्यांत नांदेडहून त्यांचे साहेब चेक घेऊन आले. आठ हजार तीनशे शहात्तर रुपये. सतरंजी अंथरली, सभासद बोलावले. दादाला मयताचा भाऊ म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं. तो उपरण्यात तोंड लपवून बसला, लोकांना वाटलं दुःखानं.

वीस कप चहा करायचा होता. माझ्याशिवाय करणार कोण? मी पदर पुढं ओढून ट्रे फिरवला. दादापुढं आले तेव्हा त्यानं कप घेतला, पण माझ्याकडं बघेना. नांदेडचे साहेब घोट घेऊन म्हणाले,

"चहा छान आहे. नवीन आलात का?"

मी मान हलवली.

"आधीच्या बाईंचं फार वाईट झालं हो."

"व्हय," मी म्हणाले. काय म्हणणार?

मग चेकचा फोटो निघाला. साहेबांच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला हार घातलेली मी. त्या फोटोची चौकट करून कर्जाच्या टेबलामागं लावली.

घरी सगळे खूश. मालक म्हणाले, "पत्रे फुकटात पडले की." आत्याबाई रोज कावळ्याला पोळी टाकू लागल्या. मला मात्र पाच तारीख आली की चैन पडेना. हप्ता तीनशे सदुसष्ट. मी तो घेऊन जाधवपुढं उभी राहिले.

"कशाचे हे?"

"हप्ता."

"मावशी, तुमचं खातं बंद झालं. मयताच्या खात्यात हप्ता घेता येत न्हाई."

"पर मी हाय की हितं."

"तुमी हायेत. खातं न्हाई."

मी पैसे परत नेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आणले, पुन्हा नेले. असे चार महिने. लोक हप्ता चुकवायला तोंड लपवतात, आणि मी भरायला मागं लागले होते.

त्याहून अवघड पगाराचं झालं. मयत बाईचा पगार कसा काढायचा? जाधवनं तोड काढली. मस्टरवर माझ्या जागी आत्याबाईंचं नाव घातलं, नवीन भरती म्हणून. नवीन भरती म्हणून पगार दोनशेनं कमी. माझी तोवरची सात वर्षांची नोकरी गेली आणि सत्तर वर्षांच्या आत्याबाई घरबसल्या शिपाई झाल्या. पगारावर त्यांचा अंगठा लागायचा. म्हणून मी पॅड घरी नेऊन त्यांचाही अंगठा धरू लागले.

आणि विमा जोरात खपायला लागला. लोक भिंतीवरचा फोटो बघायचे, मग चहा देणाऱ्या मला बघायचे. गावातल्या निम्म्या बाया मला ओळखत होत्या. त्यांना वाटलं, ही काहीतरी सरकारी सवलत आहे. एक म्हातारा धोतर सावरत जाधवला म्हणाला,

"त्या बाईवानी करायचं हाय. किती दिवस मरावं लागतंय?"

"आजोबा, तसं नसतं ते."

"न्हाई, सुगीच्या आधी आटपलं तर बरं. मंग येळ न्हाई."

मला हसू आलं, पण रात्री झोप लागेना. माझ्या फोटोमुळं बाया विमा घेत होत्या आणि त्यांचे अंगठे मीच धरत होते. एक कोरा अर्ज मी घरी नेला. आपण ज्या कागदावर मेलो त्यात लिहिलंय तरी काय, एवढंच बघायचं होतं. बारीक अक्षर. बोट ठेवून वाचायला मला चार रात्री लागल्या. त्यात तीन गोष्टी सापडल्या. एक, विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर तशी खूण करायला रकाना आहे. जाधव नेमकं तिथंच पेपरवेट ठेवायचा. दोन, विम्याचे पैसे कर्जात न मिळवता रोख भरता येतात, म्हणजे त्यावरचं व्याज वाचतं. तीन, कर्ज मुदतीआधी फेडलं तर उरलेल्या दिवसांचे विम्याचे पैसे परत मागता येतात. मागितले तरच.

तेव्हापासून मी अंगठा पुसता पुसता बायांच्या कानात बोलू लागले. अंगठा उमटण्याआधी बोलायला पाहिजे हे लक्षात आल्यावर रांजणापाशी पाणी देतानाच बोलू लागले. चारचौघांत मला बोलता येत नव्हतं, पण पाणी देताना एकेकीशी यायचं. पुढच्या महिन्यात प्रत्येक बाई म्हणायला लागली, "साहेब, तो रकाना दाखवा." जाधव चक्रावला. त्याला वाटलं दुसऱ्या पतसंस्थेनं माणूस पेरलाय.

या कामात मी एक चूकही केली, ती लिहिली पाहिजे. एका हमालाच्या बायकोला मी सरळ विमा नको म्हणून खूण करायला लावली. वर्षाच्या आत तिच्या नवऱ्याचा हात हळद घासायच्या ढोलात गेला. दोघांचं कर्ज होतं, विमा असता तर उपयोगी पडला असता. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. त्यानंतर मी "नको म्हण" असं कुणाला सांगितलं नाही. विचारायचे, घर कुणाच्या हातावर चालतं? त्याच्या नावानं घे, आणि पैसे रोख भर.

मी मयत झाल्याच्या पाचव्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं. मृत्यूचा दाखला आठवड्यात हवा, साहेब स्वतः न्यायला येतील. जाधव, मॅनेजर आणि कॅशियर केबिनमध्ये बसले. मी चहा घेऊन गेले तर जाधव म्हणत होता,

"ओळखीचा माणूस हाय. देईल करून."

"कशाचं?" मी विचारलं. केबिनमध्ये मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"तुमचा दाखला, मावशी. एकदा दिला की मिटलं."

"मंग माझं रेशन?"

जाधवनं कॅशियरकडं बघितलं.

"मतदान? लेकीच्या लग्नात मी कोन? आत्याबाई मेल्या तर हितं झाडायला कोन येणार? मी तर दोनदा मेलेली आसंन."

"आवो, नुसता कागद हाय तो."

"कागदच तर हाय समदा," मी म्हणाले, आणि ट्रे तिथंच ठेवून बाहेर आले. मागच्या अंगणात जाऊन हापशावर घागर भरायला घेतली.

पण दादाचं काय? मी रविवारी शिरड शहापूरला गेले. दादाला म्हणाले, मी खरं सांगणार हाय, पर सही तुझी हाय, तू न्हाई म्हणलास तर गप बसते. त्यानं बैलापुढं वैरण टाकली. मग म्हणाला,

"तुझ्या फोटूला हार बघितला तवापसून मला जेवण जाईना. सांग. मी बी येतो."

नांदेडचे साहेब आले. दादा दारात उभा. मी चहा ठेवला आणि नेहमीसारखी मागं सरले नाही.

"साहेब, त्या फोटोतली मी हाय."

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पदर मी मागं घेतला होता.

"बहीण का त्यांची?"

"न्हाई. मीच. कावळा बसला हुता."

दादा पुढं आला आणि सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. शेवटी दोन्ही हात पुढं केले, बेड्या घालायला. साहेबांनी ते हात हलकेच खाली केले. मग बराच वेळ बशीत चहा ओतत बसले. कपात काही उरलं नव्हतं तरी ओतत होते. त्यांना बढती याच दाव्यावर मिळाली होती हे मला मागाहून कळलं.

"पैसे परत येतील?" त्यांनी विचारलं.

"येतील. चार हप्ते तर पदरातच बांधून आणलेत."

साहेबांना बोभाटा नको होता, मॅनेजरलाही नको होता. कागद झाले. दादाचा जबाब गैरसमजातून दिला असं लिहिलं. वरच्या ऑफिसनं विचारलं, गैरसमजाचं कारण काय? साहेबांनी लिहिलं, कौटुंबिक प्रथा. वरून आलं, कोणती प्रथा, खुलासा करावा. त्यांनी कावळा लिहिला. मग वरून छापील मसुदा आला आणि त्यावर माझी सही घेतली. मी लिहून दिलं की यापुढं माझ्या डोक्यावर कोणताही पक्षी बसल्यास सर्वप्रथम शाखेस लेखी कळवीन. तो कागद अजून तिथल्या फाइलीत असेल.

कंपनीची रक्कम कंपनीला परत गेली आणि माझं कर्ज उभं राहिलं. जाधव म्हणाला, चार हप्ते थकले, दंडव्याज लागेल. मी म्हणाले, भाऊ, चारी वेळा मी पैसे घेऊन आले, तुमी न्हाई म्हणलात, कॅशियरसाहेब साक्षीला हायत. कॅशियरनं मान खाली घालून होकार दिला. दंड गेला. मग मी म्हणाले, विमा रद्द झाला, तर उरलेल्या दिवसांचे पैसे द्या. जाधव माझ्याकडं बघतच राहिला.

"तो रकाना बायांना तुमीच दाखवत हुता व्हय?"

मी रांजण भरायला गेले. चारशे दहा रुपये आले. ते मी हातात न घेता कर्जात जमा करायला लावले, म्हणजे व्याज तेवढ्यानं कमी. मस्टरवर माझं नाव परत आलं, सात वर्षांसकट. आत्याबाई मात्र नोकरी गेली म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीवरची चौकट जाधवनं स्वतः काढली. फोटो मला देऊ का म्हणाला. मी नको म्हणाले.

पुढचा एकही हप्ता मी चुकवला नाही. शेवटचा भरायचा होता त्या दिवशी दादा आला होता. जामीनदाराचं काम काहीच नव्हतं, तरी काउंटरपाशी उभा राहिला. जाधवनं पैसे दोनदा मोजले, खातेवहीत तांबड्या शाईनं शेवटची रेघ मारली आणि पावती फाडून दिली. मी ती तिथंच उभी राहून वाचली. राहिलेली बाकी, निरंक. खाली "भरणा करणार" असं छापलेलं होतं, आणि त्यापुढं जाधवनं नेहमीच्या घाईत एकच शब्द लिहिला होता: स्वतः.